१० मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी: आमच्या घरचा अनुभव, आणि ट्रामाडॉलबद्दलही

हे परीक्षण एका औषधाचं आहे, मॉर्फिनच्या साध्या १० मिलिग्रॅमच्या गोळीचं. माझे वडील, आप्पा, तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेवटपर्यंत हीच गोळी घेत होते आणि ती वेळेवर द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्याच काळात आमच्याच घरात माझ्या धाकट्या दिरांना कंबरदुखीवरच्या ट्रामाडॉलची सवय लागली. दोन्ही औषधं एकाच कुळातली, अफूसारखं काम करून कळ मारणारी, ज्यांना ओपिऑइड म्हणतात ती. ताकदीनं पाहिलं तर मॉर्फिन कितीतरी वरचढ. तरी घर हादरलं ते कमी ताकदीच्या कॅप्सूलनं, कारण मॉर्फिनच्या प्रत्येक गोळीचा हिशेब विचारणारं कोणीतरी होतं आणि कॅप्सूलचा कोणीच विचारत नव्हतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं चंदगड-गडहिंग्लजपर्यंत ज्यांच्या घरात कॅन्सरचं माणूस कळा सोसतंय, किंवा कोणी 'जास्त पॉवरची' गोळी रोज घेतंय, त्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, शहापुरात शिलाईकाम करते. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आप्पा निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत काट्यावर वजनं करण्यात हयात गेली, थोडं तंबाखूचं रानही होतं. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात हायवेवर बसलेल्या माणसांत तेही होते आणि ते दिवस ते शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे. गालात तंबाखू धरायची सवय मिसरूड फुटायच्या आधीची. कॅन्सर गालात आतून सुरू झाला आणि जबड्याच्या हाडात गेला. ऑपरेशन, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं मिरजेला झालं. काही काळ बरा गेला. मग मानेत गाठ उठली आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता कापण्यासारखं काही राहिलं नाही. मी त्यांना बेळगावला माझ्याकडे आणलं.

तेव्हा ते पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकवर होते. रात्री भिंतीला उशी लावून बसायचे, कानशिलावर तळहात दाबून. आडवं झालं की कळ वाढायची. जावयाला आवाज जाऊ नये म्हणून कण्हणंसुद्धा गिळायचे. डायक्लोफिनॅकनं पोट जळायला लागलं होतं आणि कळ तसूभर हटत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्यात: आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिन. आप्पा कितीतरी आधी वरच्या पायरीवर असायला हवे होते. पहिल्याच पायरीवर त्यांना बसवून ठेवलं होतं.

ही गोळी गल्लीतल्या मेडिकलमध्ये मागून मिळत नाही. मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दारूच मागितली. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. अंमली पदार्थांवर कडक शिक्षा बसल्या आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी एकाच रुग्णालयाला नाना परवाने काढावे लागायला लागले. नोंदीत चूक झाली तर तुरुंग, म्हणून बहुतेकांनी ठेवणंच बंद केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. हे मला फार लागतं, कारण मॉर्फिन ज्या अफूतून निघतं ती आपल्याच देशात, मंदसौर-नीमच-चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्यानं पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. पीक आपलं, कारखाना आपला, आणि आपली माणसं पॅरासिटामॉलवर तळमळत मरायची. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकानं मान्यता दिलेल्या रुग्णालयाला एकाच परवानगीत ती ठेवता येऊ लागली. शेजारच्या केरळात कोझिकोडच्या मंडळींनी १९९३ पासून रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोचवायची वाट पाडली होती. डॉ. एम. आर. राजगोपाल यांचं नाव त्यात आदरानं घ्यायला हवं.

आम्हाला शहरातल्याच एका रुग्णालयात वेदनाशमनाची ओपीडी सापडली. परीक्षण गोळीचं आहे, म्हणून त्यांचं नाव इथं देत नाही. मिरजेची चिठ्ठी तिथं चालली नाही, आप्पांची नव्यानं नोंद करावी लागली. तेव्हा चीड आली होती. आता वाटतं, तीच नोंद आमच्या कामी आली.

सिस्टर कन्नडिग. "नोवु एष्टु अज्जा?" म्हणजे किती दुखतंय आजोबा, म्हणून विचारलं आणि मग मोडक्या मराठीत समजावलं की शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आप्पांना ते दहा काही जमेना. वखारीतला माणूस. म्हणाले, "चौदा आणे." सिस्टर हसली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी कागदावर सोळापैकी चौदा असं लिहिलं, आणि पुढं प्रत्येक वेळी आप्पांचं दुखणं आण्यांतच मोजलं गेलं. माणसाचं दुखणं त्याच्या मापानं मोजून घेणारं रुग्णालय मी पहिल्यांदा पाहिलं.

आधी रक्त तपासून मूत्रपिंडं ठीक आहेत का ते पाहिलं, कारण ती कमजोर असतील तर मॉर्फिनचे अंश अंगात साठतात. मग डोस ठरला. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दुखायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून द्यायची. आधीची गोळी उतरायच्या आत पुढची गेली की कळ वर येतच नाही. हे समजायला मला वेळ लागला नाही, पण नातेवाइकांना पटवायला लागला. "आत्ता दुखत नाही तर कशाला देतेस?" हा प्रश्न रोजचा होता. मधेच कळ उठली तर एक जादा डोस द्यायची परवानगी होती, तो मात्र वहीत वेळ घालून लिहायचा.

आप्पांचं तोंड जेमतेम एक बोट उघडायचं आणि नाकातून नळी होती. म्हणून गोळी कुटून द्यावी लागे. पितळेचा छोटा खलबत्ता, त्यात गोळी अगदी मैद्यासारखी होईतो घोटायची, कोमट पाण्यात ढवळून मोठ्या सिरिंजनं नळीत सोडायची आणि वरून साधं पाणी घालायचं, नाहीतर औषध नळीलाच चिकटून राहतं. एक गोष्ट सिस्टरनं तीनदा बजावली, तीच मी इथं बजावते. कुटून द्यायची ती फक्त साधी गोळी. बारा-बारा तासांनी द्यायची, हळूहळू विरघळणारी मॉर्फिनची गोळीही असते. ती कुटली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास बंद पडू शकतो. पाकिटावर एसआर असं काही दिसलं तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

गुण किती आला? चार दिवसांत आप्पा चौदावरून पाच आण्यांवर आले. आडवे होऊन झोपले. मग एका सकाळी त्यांनी स्वतःहून पेपर मागितला आणि माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले. कोणाच्या ब्लाउजला किती कापड लागतं यावर माझ्याशी वाद घालायला लागले. तोंड नीट चालत नव्हतं, तरी बोलत होते. कॅन्सर होता तिथंच होता, गाठ वाढत होती, पण माणूस आम्हाला परत मिळाला. एका औषधाकडून याहून जास्त मागण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता तोटे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होती, ती गेली. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. बाकीच्या त्रासांची शरीराला सवय होते, याची होत नाही, कारण हे औषध आतड्यांनाही संथ करतं. जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून रोज सुरू हवं. ते लिहून दिलेलं नसेल तर मागून घ्या. तीन दिवस पोट साफ झालं नाही की माणूस कॅन्सरपेक्षा त्यानं जास्त हैराण होतो. दुसरी अडचण, दर चार तासांनी कोणीतरी घरात हवंच. तिसरी, औषध त्या एकाच फार्मसीत, ठरलेल्या दिवसांपुरतं, आणि पुढचं नेताना रिकामी पाकिटं व वही दाखवायची. निपाणीहून कोणाला हे करायचं तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची खेप. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही गोळी मिळायला हवी, यात मला तिळमात्र शंका नाही.

मधे एकदा त्वचेवर चिकटवायच्या फेंटानिलच्या पट्टीचाही विचार झाला. तीन दिवस चालते, सोय मोठी, पण महाग. शिवाय आधीपासून ओपिऑइड चालू असलेल्यालाच ती लावतात, आणि पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध भराभर अंगात उतरतं. आम्ही गोळीवरच राहिलो.

लोक काय म्हणाले ते लिहायलाच हवं, कारण त्यामुळेच कितीतरी घरं हे औषध नाकारतात. आत्या म्हणाली, "अफू चारायलीस बापाला. आता ते उठत न्हाईत बघ." शेजारच्या काकूंना वाटलं, मॉर्फिन म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले. मी डॉक्टरांनाच सरळ विचारलं, यानं आयुष्य कमी होतं का, आणि सवय लागते का. त्यांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं. बेतानं चढवलेल्या डोसनं आयुष्य कमी होत नाही. सवयीचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रोज घेतल्यावर शरीर औषधाला सरावतं, एकदम बंद केलं तर त्रास होतो, म्हणून बंद करताना टप्प्याटप्प्यानं करायचं. हे कोणाचंही होईल. व्यसन म्हणजे दुखणं नसताना मन मागतं, नुकसान दिसत असून हात थांबत नाही, चोरून घेतलं जातं. कॅन्सरच्या रुग्णात नजरेखाली दिलेल्या मॉर्फिननं हे क्वचित होतं, पण होऊ शकतं, म्हणून वही आणि मोजणी. आप्पांचा डोस पुढं वाढला, तो गाठ वाढली म्हणून. धोक्याच्या खुणाही त्यांनी लिहून दिल्या. हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, श्वास फार संथ झालाय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालयात. तिथं नॅलोक्सोन नावाचं उतारा देणारं इंजेक्शन असतं. झोपेची गोळी आणि दारू यांच्या जोडीला हे औषध कधीच नाही. गोळ्या मी शिलाईच्या कपाटात कुलपात ठेवायचे, किल्ली कमरेला. आप्पा गेल्यावर उरलेल्या मोजून त्याच फार्मसीत परत दिल्या आणि वहीवर सही घेतली.

कुलूप घातलं त्याचं कारण भावजी.

भावजींचे वडगावात साडीचे माग. बीम उचलताना कंबरेत चमक भरली. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. चिठ्ठीत काही चूक नव्हती. ताज्या दुखापतीला थोडे दिवस असं औषध देतात. पण ती पाच दिवसांची चिठ्ठी पुढं कित्येक महिने चालली. एका मेडिकलवाल्यानं कधी तारीख पाहिली नाही, कधी वहीत लिहिलं नाही. खरं तर ट्रामाडॉल एच-वन यादीत आहे. रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं ते दुकानदारानं नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची असा नियम आहे. २०१८ पासून तर ते एनडीपीएस कायद्याखालीही आलंय. स्ट्रिपवरची लाल चौकट शोभेला छापलेली नाही.

ट्रामाडॉल सुरुवातीला दुखणं मारतं, शिवाय थोडी तरतरी देतं. मागावर दहा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला ते वरदान वाटणारच. भावजी दोनावरून चारावर, चारावरून आठावर गेले आणि मग त्याच्याही पुढं. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे आठ कॅप्सूल. सकाळी घ्यायला उशीर झाला की जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत, पोट बिघडलेलं. आणि कंबर ठणकते. ते म्हणायचे, "वैनी, बघा की, गोळी सोडली की कंबर धरतीय." औषध सुटताना होणारा ठणका त्यांना मूळचं दुखणंच वाटत होता. पुन्हा गोळी घेतली की थांबायचा, म्हणून खात्री अजून पक्की व्हायची. या औषधाची सगळ्यात फसवी बाजू हीच आहे.

एके दिवशी चालू मागाशेजारी त्यांना फिट आली. कामाच्या पोरानं मोटर बंद केली म्हणून हात वाचला. डोक्याचं स्कॅन स्वच्छ. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जावेला विचारलं, घरात ज्या ज्या गोळ्या असतील त्या आणा. जाऊबाईंनी कांड्यांच्या डब्यातून पिशवी आणली, रिकाम्या स्ट्रिप्सनी भरलेली. बाईंनी त्या टेबलावर ओतून मोजल्या. ट्रामाडॉलचा डोस वर गेला की फिट येऊ शकते, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर धोका आणखी वाढतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यांनी 'आजपासून बंद' असं सांगितलं नाही, धारवाडला डिमहान्स या मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत पाठवलं. वेड्यांच्या दवाखान्यात कशाला, म्हणून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिथं जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली. तीही ओपिऑइडच, पण तिनं तलफ आणि अंग मोडणं आवरतं आणि मग डोस बेतानं उतरवता येतो. कंबरेसाठी व्यायाम शिकवले. महिनोन्महिने चालणाऱ्या कंबरदुखीला ओपिऑइड हा इलाजच नव्हे, असं फिजिओथेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं. भावजी अजून उपचारात आहेत, माग चालू आहेत. आम्हाला दिलेली सगळ्यात मोठी ताकीद अशी: काही काळ सुटल्यावर पुन्हा घ्यावंसं वाटलं आणि जुना डोस घेतला, तर शरीर आता तो पेलू शकत नाही. कितीतरी माणसं अशीच दगावतात.

केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेल्या, २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीत ओपिऑइडमुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक निघाले. त्यात हेरॉइन, अफू आणि मेडिकलमधली औषधं सगळं आलं. माझ्या मुलानं अमेरिकेची हकिगत वाचून दाखवली. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि व्यसनाचा धोका अगदी किरकोळ असल्याचं डॉक्टरांना पटवलं. २००७ मध्ये त्याच कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, तोवर घरंच्या घरं गेली होती. आत्याला हे कळलं असतं तर म्हणाली असती, बघ, मी सांगितलं नव्हतं? पण तिथं कंबर-गुडघ्याला खिरापत वाटली आणि इथं कॅन्सरच्या माणसाला एक गोळी मिळेना. दोन्हीकडं भोगलं ते दुखणेकऱ्यानंच.

माझं मत विचाराल तर कॅन्सरच्या दुखण्यात, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मॉर्फिनच्या साध्या गोळीला पाचपैकी पाच. मिळायची वणवण धरली तर सेवेला तीन. ट्रामाडॉल ताज्या ऑपरेशनला, मोडलेल्या हाडाला, मोजक्या दिवसांसाठी चांगलं असेल. चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या ट्रामाडॉलला मी एकही तारा देणार नाही.

रुग्णालयात फोन कराल तेव्हा 'पेन क्लिनिक आहे का' एवढंच विचारू नका. 'तोंडातून घ्यायची मॉर्फिन तुमच्याच फार्मसीत मिळते का, आणि ती लिहिणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात' असं विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट, मिरज-कोल्हापूरची डिस्चार्ज कार्डं, रुग्णाचं आणि औषध नेणाऱ्याचं आधार कार्ड बरोबर घ्या. रुग्ण हलवण्यासारखा नसेल तर तेही फोनवरच सांगा, काही ठिकाणी घरी येऊन पाहतात. आणि घरात भावजींसारखं कोणी असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत. डॉक्टरांकडे नेताना रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका, सगळ्या पिशवीत घालून न्या. माणूस डोस कमी करून सांगतो, खरा आकडा डॉक्टरांना त्या स्ट्रिप्सवरूनच कळतो.